कोयनेलची पुडी आणि कानातली घणघण

इंग्रजी अमदानीत गावच्या मृत्युनोंदवहीत रोगांचे रकाने मोजकेच असत. पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात, आणि यातल्या कशातच न बसणारे ते ‘इतर’. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, त्यानंतर त्याचीही भर पडली. नोंद करायची गावच्या पाटील-कुलकर्ण्यांनी. वैद्यकीशी त्यांचा संबंध नसे. घरच्यांनी सांगायचे आणि यांनी मांडून घ्यायचे. मग न्यूमोनिया असो, विषमज्वर असो की बाळंतरोग, जाताना अंग तापलेले होते एवढे कळले की माणूस ‘ताप’ या रकान्यात जाई. देशभरच हा रकाना सर्वांत लांब भरे. पश्चिम खानदेशच्या डोंगरपट्टीत तर विचारायलाच नको, आणि पिंपळनेर याच पट्टीतले.

ही वही मेलेल्यांची. वर्षानुवर्षे ताप अंगावर काढणारे, पानथरी वाढलेले, चेहरा पिवळा पडलेले, चार पावले चढ चढला की धापा टाकणारे लोक तिच्यात येत नसत. त्यांच्या कानात काय वाजते हे तर कोणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पण या पट्टीच्या आरोग्याचा इतिहास पाहू लागले की कानातला हा आवाज जागोजागी भेटतो. कधी आजाराच्या पाठीमागून येतो, कधी औषधाच्या. एकटा असा तो फारसा येतच नाही.

पिंपळनेर आज धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात आहे. जुन्या कागदांत मात्र तालुक्याचेच नाव पिंपळनेर. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावलेली पांझरा गावाजवळून वाहते, धुळ्यावरून जाते आणि तापीला मिळते. पश्चिमेला नवापूर आणि डांगचे जंगल, दक्षिणेला शेलबारी ओलांडली की बागलाण. बाजारात अहिराणी, डोंगराकडून उतरणाऱ्यांच्या तोंडी कोकणी, मावची, भिल्ली. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशाचा. तो १८८० साली छापला गेला. पश्चिमेकडच्या जंगलपट्टीची हवा हिवतापाची, ही त्या काळच्या सरकारी कागदांतली ठरलेली ओळख होती.

याच डोंगरांत तेव्हा एक धंदा जोरात होता, रोशा गवताच्या तेलाचा. अक्राणी, नंदुरबार, शहादा, तळोदे आणि पिंपळनेर ही त्याची ठिकाणे. पावसाळा सरत आला, गवत पिकू लागले की भिल्ल ते कापून आणत. तेल काढणारे बहुतेक मुसलमान कारागीर. ते गवत विकत घेऊन गंजी रचत आणि जिथे पाणी आणि सरपण दोन्ही हाताशी आहे अशा ओढ्याकाठी भट्टी लावत. खड्डा खणून त्यावर चूल, चुलीवर तांब्याचे किंवा लोखंडाचे मोठे भांडे. त्यात पाणी आणि चिरलेले गवत काठोकाठ भरायचे, वर झाकण ठेवून गव्हाच्या कणकेने सांधे लिंपायचे. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघे. तिला फडके गुंडाळून, वर कणीक थापून दोरीने आवळलेले असे. नळीचे दुसरे टोक वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात. वाफ तिथे निवायची. ते भांडे भरून हलू लागले की नळी अलगद काढायची, पाणी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळायचे, आणि वर तरंगणारे तेल हलक्या हाताने उतरवून घ्यायचे. कोवळ्या, निळसर तुऱ्याच्या गवताला मोतिया म्हणत आणि पिकून लाल झालेल्याला सोफिया. मोतियाच्या तेलाचा वास अधिक नाजूक. हे तेल मुंबईला जाई, तिथून अरबस्तानात आणि थेट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत. तिकडे गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होत असे. इथल्या घरांत मात्र ते सांधे धरल्यावर चोळायला वापरत.

भट्ट्यांची जागा आणि वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. पावसाळ्याचा शेवट, डोंगरपायथा, संथ वाहणारे झरे. ॲनोफिलीस फ्लुव्हिॲटिलिस हा पायथ्याच्या टापूत हिवताप पसरवणारा डास नेमका अशाच झऱ्यांच्या काठच्या गवतात अंडी घालतो, आणि त्याचा जोर पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत असतो. रोशाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर असते, ते डासांना मानवत नाही. डासाची पैदास आणि डासाला नकोसे तेल एकाच ओढ्याकाठी होत होते. डास आणि ताप यांचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत उघड केला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, म्हणजे गॅझेटियर छापून सतरा वर्षे झाल्यावर. तोवर दोष हवेचा, पाण्याचा आणि कुजणाऱ्या पाल्याचा.

पाळीचा ताप अंगात मुरला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत राहतात. पांडुरोग होतो, पानथरी बरगडीखाली हाताला लागेल इतकी वाढते. रक्त कमी पडले की हृदय जोर करते. मानेतून डोक्याकडे जाणाऱ्या रक्ताची ही धावपळ रात्री सगळे निवांत झाल्यावर कानात ऐकू येऊ शकते, नाडीच्या ठोक्याबरोबर धप् धप् अशी. म्हणजे औषधाचा थेंब पोटात जाण्याआधीच काही जणांचे कान वाजत असणार. यावर घरगुती औषधे कडूच: किराईत, गुळवेल, सातविणीची साल, मिऱ्याबरोबर सागरगोट्याची पूड. सागरगोट्याला तर १८६८ च्या भारतीय औषधसंग्रहातही जागा मिळाली होती.

मग कोयनेल आले.

१८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन वेगळे केले. क्लेमेंट्स मार्कहम यांच्या खटपटीने १८६० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून सिंकोना निलगिरीत आणला गेला, पुढे दार्जिलिंगकडेही त्याच्या सरकारी बागा उभ्या राहिल्या. बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कचेरीत पैशाला एक पुडी अशी क्विनाइनची विक्री सुरू झाली आणि ती रीत मग इतर प्रांतांतही पसरली. पत्र टाकायला गेलेला माणूस तापाचे औषध घेऊन परतू लागला. मराठी तोंडाने क्विनाइनचे कोयनेल करून टाकले. ते इतके कडू की केळ्याच्या फोडीत नाहीतर गुळाच्या खड्यात दडवून गिळावे लागे.

पुडी पोटात गेल्यावर काही तासांत कानात दडे बसल्यासारखे होई आणि घणघण सुरू होई. डोके जड, मळमळ, कधी नजर अंधुक. वैद्यकात या सगळ्याला मिळून ‘सिंकोनिझम’ म्हणतात. क्विनाइन आतल्या कानातल्या केसपेशींच्या कामात अडथळा आणते. औषध थांबले की बहुतेकांचा आवाजही थांबतो. जुने डॉक्टर या घणघणीकडे दुखणे म्हणून पाहत नसत. कान वाजू लागले म्हणजे औषध रक्तात पुरेसे भिनले, मात्रा लागू झाली, असा त्यांचा ठोकताळा. कान वाजतात का, असे रोग्याला आवर्जून विचारले जाई, पण ते तापासाठी. कानाची चौकशी करणारा पहिला सरकारी माणूस या पट्टीत आला असेल तर तो असा दुसऱ्याच रोगाच्या कामावर आलेला.

आपल्याकडच्या शास्त्राला हा आवाज नवा नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत कर्णनाद आहे, ज्यात भेरी, मृदंग, शंख अशा वाद्यांसारखे आवाज येतात. आणि कर्णक्ष्वेड आहे, ज्याचा आवाज वेणूसारखा. मूळ वाताचे मानले आहे. कानाचा ठणका, नाद, क्ष्वेड आणि बहिरेपण या चारींना सामाईक उपचार सांगितले आहेत, स्नेहन, स्वेदन, कानात औषधी तेल भरणे. गंमत अशी की पंधराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या हठयोगप्रदीपिकेत साधकाला ऐकू येणाऱ्या नादांची यादी दिली आहे, तिच्यातही भेरी आहे, शंख आहे, वेणू आहे, शिवाय घंटा आणि भुंगा. एका पोथीत जे दुखणे तेच दुसरीत साधनेची पायरी. नाथपंथाचा आणि वारकरी कीर्तनाचा संस्कार असलेल्या खेड्यात कान वाजणाऱ्या म्हाताऱ्याला ‘अनाहत नाद लागला’ म्हणून कोणी हात जोडावेत, यात नवल नाही. त्या म्हाताऱ्याला झोप लागत नव्हती ही गोष्ट तेवढी मागे पडे.

बाजारात वेगळाच हिशेब. जडीबुटीची झोळी घेऊन फिरणारे वैदू नाडी पाहत, तुंबड्या लावत, कानातला मळ काढून देत. मळाच्या बोळ्याने कान वाजत असेल तर बोळा निघाल्यावर आराम पडायचाही, आणि तेवढ्या एका गिऱ्हाइकावर पुढच्या पन्नासांचा विश्वास बसायचा. बाकीच्यांचा आवाज आतल्या कानातला आणि मेंदूतला. तिथे झोळीतले कोणतेच हत्यार पोचत नव्हते, आणि पोचवायचा प्रयत्न झाला की पडदा फाटायची भीती.

एका अंगात अनेक दुखणी आणि त्यांत कानाचा आवाज, हे गाऱ्हाणे जगाच्या पाठीवर कुठेही सापडते. लुडविग फान बेटहोफेनने १८०१ साली आपल्या डॉक्टर मित्राला, वेगेलरला, लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. कान रात्रंदिवस गुणगुणतात हे त्यात आहेच. पण त्याच पत्रात पोटाच्या जुनाट दुखण्याची तक्रारही सविस्तर आहे, आणि दोन्हींचा परस्पर संबंध असावा असे त्याच्या डोक्यात घोळत होते. संगीतकाराच्या बहिरेपणाची कथा झाली, पोटदुखी चरित्रकारांच्या तळटिपेत गेली. पांझरेकाठी नेमके उलटे झाले. इथे ताप आणि पानथरी कागदावर आली आणि कान राहून गेला.

मार्च १९४२ मध्ये जावा बेट जपानच्या ताब्यात गेले आणि कोयनेलचा ओघच आटला. जगाला लागणाऱ्या क्विनाइनपैकी जवळजवळ नव्वद टक्के तिथून येत होते. युद्ध संपले तेव्हा दोन नव्या वस्तू हाताशी होत्या, डीडीटी आणि क्लोरोक्विन. १९४६ मध्ये डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी मुंबई इलाख्यातल्या धारवाड आणि कारवार भागांत घराघरांत डीडीटी फवारण्याची मोहीम उभी केली. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला आणि १९५८ मध्ये त्याचेच निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले.

या कार्यक्रमाचा माणूस खेड्यापाड्यातल्या लोकांच्या चांगल्या ओळखीचा. दर पंधरवड्याला तो वस्तीवर येई, घरात कोणाला ताप आला होता का विचारी, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेई, क्लोरोक्विनच्या गोळ्या हातावर ठेवी आणि जाताना दाराशेजारच्या भिंतीवर आखलेल्या चौकोनात तारीख टाकी. सारवलेली भिंत, तिच्यावर गेरूचा चौकोन आणि आत तारखांची उतरंड. काही वर्षे तरी या चौकोनांनी कमाल केली. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत असा अंदाज होता. १९६१ मध्ये नोंदलेले रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास आले. पुढे डास डीडीटीला सरावले, यंत्रणा ढिली पडली आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला. कानापुरते बोलायचे तर क्लोरोक्विनच्या नेहमीच्या मात्रेत घणघण क्वचित होते. ‘कान वाजले म्हणजे औषध लागले’ हा ठोकताळा तापापुरता तरी संपला.

तो दुसरीकडे चालूच होता. १८९९ पासून बाजारात आलेली ॲस्पिरिन सांधेदुखीवर मोठ्या मात्रेत देत. मात्रा ठरवायची रीत तीच जुनी: कान वाजू लागेपर्यंत चढवायची, मग थोडी उतरवायची. रोशाचे तेल चोळणाऱ्या गुडघ्याला हा जाच नव्हता, पण संधिवाताची सूज उतरवण्याचे बळही तेलात नव्हते.

क्षयाची सुई त्याहून जड गेली. १९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि क्षयावर पहिल्यांदाच खरे औषध मिळाले. भारतात राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ चा. ही सुई रोज, महिनोन्‌महिने घ्यायची. ती जीव वाचवी आणि काही जणांच्या आतल्या कानातल्या केसपेशी कायमच्या मारून जाई. माणसाच्या एका कानात अशा पेशी पंधरा-सोळा हजारांच्या घरात असतात आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. स्ट्रेप्टोमायसिनचा मारा आधी तोल सांभाळणाऱ्या भागावर. दिवसाउजेडी माणूस डोळ्यांच्या आधाराने नीट चालतो. रात्री बांधावरून जाताना मात्र पाय कुठे पडतो ते कळत नाही, आणि बघणाऱ्याला वाटते की गडी पिऊन आला आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर कानामायसिन देत, ते थेट ऐकण्यावरच घाला घाली. कोयनेलची घणघण औषधाबरोबर जायची, ही मुक्कामाला यायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कानामायसिन टाळायला सांगितले, आणि त्यानंतर भारतातही सुईऐवजी पोटात घ्यायच्या गोळ्यांवर भर आला. आधी सुया घेतलेले लोक अर्थातच अजून आहेत.

डोंगरपट्टीत आणखी एक आजार पिढ्यान्‌पिढ्या होता, त्याला नाव उशिरा मिळाले. सिकलसेलची भारतातली पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीतल्या आदिवासींमधली. महाराष्ट्रात भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत तो किती पसरलेला आहे हे दाखवण्यात पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुदाम काटे यांचा वाटा मोठा. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. या आजाराचे मूळ हिवतापाशी जाऊन पोचते. आई किंवा वडील, एकाकडूनच या आजाराची खूण आलेल्या मुलाला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणूनच जिथे हिवताप जुना तिथे ही खूण टिकली. दोघांकडून आली तर मात्र तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे ठणकतात, रक्त कमी होते. आतल्या कानाचा रक्तपुरवठा एकाच बारीक धमनीवर अवलंबून असतो. तिथे अडथळा आला तर ऐकणे कमी होते आणि आवाज सुरू होतो. पांडुरोगाची धप् धप् आहेच. म्हणजे जुन्या तापाने मागे ठेवलेल्या रक्ताच्या या आजारातही कान सुटत नाही.

आता दवाखान्याच्या रांगेतली दुखणी बदलली आहेत. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार. उपकेंद्रात रक्तदाब मोजतात, बोटातल्या थेंबावर साखर पाहतात, महिन्याच्या गोळ्या देतात. साठीच्या बाईंनी ‘कानम्हा आवाज येस’ म्हटले तर हातातला कागद पुढे सरकतो, कारण त्यावर त्या तक्रारीला जागा नसते. वास्तविक यातली बहुतेक दुखणी कानाशी जोडलेली आहेत. मधुमेह आतल्या कानाच्या बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बिघडवतो. मूत्रपिंडाच्या रोग्याला लघवी साफ व्हावी म्हणून मोठ्या मात्रेत दिलेले फ्युरोसेमाइड कान वाजवू शकते. गुडघेदुखीच्या गोळ्या कोणी औषधदुकानातून परस्पर आणत असते. झोप मोडली की रक्तदाब चढतो, काळजी वाढते, आणि काळजीने आवाज अधिक मोठा वाटू लागतो. एका घरातल्या भावजयी-नणंदांसारखी ही दुखणी एकमेकींना चिथावत राहतात.

जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना कानातला आवाज कधी ना कधी जाणवतो आणि दोनेक टक्क्यांना तो फार छळतो. तो पूर्णपणे बंद करणारी गोळी अजून नाही. मात्र करण्यासारखे बरेच आहे. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी एका जागी पाहणे, रक्त तपासून पांडुरोग आणि थायरॉइड शोधणे, मळ काढणे, श्रवणआलेख काढणे. ऐकणे कमी झाले असेल तर श्रवणयंत्र लावल्यावर बाहेरचे आवाज वाढतात आणि आतला अनेकांना कमी जाणवतो. रात्री पूर्ण शांतता नको, पंखा किंवा रेडिओ मंद चालू ठेवावा. पोलिश शास्त्रज्ञ पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडले की आवाज कानात सुरू झाला तरी त्याचा जाच ठरतो मेंदू त्याला किती धोकादायक समजतो यावर; आवाजाची सवय लावून घेण्याचे आणि बोलण्यातून काळजी उतरवण्याचे उपचार त्या विचारातून रुजले. नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा, एकाच कानात येणारा किंवा अचानक बहिरेपणासह आलेला आवाज मात्र सवयीवर सोडायचा नसतो, त्याची लगेच तपासणी लागते.

पिंपळनेरहून धुळे सुमारे पाऊणशे किलोमीटर. तिथे भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची श्रवणविषयक राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. बहिरेपणा प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये निवडक जिल्ह्यांत सुरू झाला आणि नंतर विस्तारला. त्याचे लक्ष नावाप्रमाणे बहिरेपणावर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे धरली आहेत. त्यात सिकलसेल आहे. दोन्ही कानांनी ७० डेसिबलपर्यंत ऐकू न येणारी व्यक्ती कर्णबधिर, ६० ते ७० मधली ऐकू कमी येणारी, अशा व्याख्याही आहेत. कानातल्या आवाजाचा स्वतंत्र उल्लेख या यादीत नाही. सिकलसेलचे प्रमाणपत्र असलेला, कधीकाळी क्षयाच्या सुया घेतलेला आणि आता रात्रभर कान वाजणारा माणूस तपासणी मंडळापुढे उभा राहिला तर त्याच्या रक्ताची टक्केवारी ठरते, आलेखावरून ऐकण्याचीही ठरते, आणि आवाजाचे त्याला तोंडीच सांगावे लागते.